केगल नेमकं काय म्हणाले होते?

माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतरची गोष्ट. शिंक आली की मी आधी पाय आवळायची आणि मग शिंकायची. खळखळून हसायचीही भीती. आईला सांगितलं तर म्हणाली, "अगं, बाळंतपणात होतंच तसं. सगळ्यांनाच होतं." हॉस्पिटलमधून घरी येताना एक छापील कागद मिळाला होता. त्यात पाचव्या क्रमांकावर एकच ओळ होती : 'केगल व्यायाम करावेत.' मी वर्षभर इमाने-इतबारे केले. फरक शून्य!

शेवटी एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने हातमोजा घालून आतून तपासलं आणि शांतपणे म्हणाली, "ताई, तुम्ही वर ओढत नाही आहात, खाली ढकलताय." म्हणजे वर्षभर मी नेमका उलटा व्यायाम करत होते.

घरी आल्यावर विचार केला, हे केगल कोण ते बघू तरी!

मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून तोलून धरणारी स्नायूंची एक झोळी असते. बाजेच्या नवारीसारखी. बाळंतपणात ती ताणते आणि सैल पडते. नवार पुन्हा आवळता येते, हे काही केगल यांनी पहिल्यांदा शोधलं नाही. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये मिनी रँडेल नावाच्या बाई १९१२ पासून बाळंतिणींकडून अंथरुणातल्या अंथरुणात व्यायाम करून घेत होत्या. पुढे १९३६ मध्ये मार्गारेट मॉरिस या नर्तकीबरोबर त्यांनी या व्यायामांचं सचित्र पुस्तकही काढलं. गंमत म्हणजे या दोघींचं नाव आज कुणाच्या तोंडी नाही.

आर्नोल्ड केगल हे अमेरिकेत लॉस एंजेलिसला स्त्रीरोगतज्ज्ञ होते. १९४८ मध्ये त्यांनी या स्नायूंच्या व्यायामावर निबंध प्रसिद्ध केला. मला वाटलं होतं, त्यात 'आवळा, सोडा' एवढंच असेल. पण त्यांचा भर वेगळ्याच गोष्टीवर होता. नुसतं तोंडी सांगून भागत नाही, कारण पुष्कळ बायकांना नेमका कोणता स्नायू आवळायचा तेच उमगत नाही, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून आधी बोटाने तपासायचं, आणि मग एक यंत्र द्यायचं. पेरिनिओमीटर. योनिमार्गात ठेवायची हवेची रबरी नळी आणि तिला जोडलेली दाबाची तबकडी. बरोबर आवळलं की काटा हलणार. आपल्याला कधी दिसत नाही अशा स्नायूची हालचाल बाईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावी, ही त्यातली खरी कल्पना. असा सराव दिवसातून तीनदा, वीस-वीस मिनिटं.

पुढे काय झालं? नाव राहिलं, तपासणं गेलं. यंत्र महाग आणि तपासायला वेळ लागणार, त्यापेक्षा कागद स्वस्त. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी ४७ बायकांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन बघितलं. जेमतेम निम्म्या, म्हणजे २३ जणींना ते नीट जमलं. १२ जणी अशा पद्धतीने जोर लावत होत्या, की त्यामुळे गळणं वाढण्याचाच संभव होता. वाचताना वाटलं, यातली तेरावी मी!

नॉर्वेच्या कारी बो या फिजिओथेरपिस्टने मात्र केगल यांचा हरवलेला धागा पुन्हा हातात घेतला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १०७ बायका होत्या. कुणाला व्यायाम, कुणाला विजेचं उत्तेजन, कुणाला योनीत धरून ठेवायची वजनं, आणि काही जणींना यातलं काहीच नाही. सहा महिन्यांनी व्यायामाच्या गटातल्या १४ जणी म्हणाल्या, आता आम्हाला त्रास उरला नाही. विजेच्या गटात तीन, वजनांच्या गटात दोन, आणि काहीच न केलेल्यांत एक. व्यायामाच्या गटातल्या बायका घरी सराव तर करतच होत्या, पण आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीही व्यायाम करत होत्या. त्यांना नुसता कागद मिळालेला नव्हता. २००६ मध्ये ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांनीही खोकताना-शिंकताना होणाऱ्या गळतीवर पहिला उपाय म्हणून किमान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम सांगितला.

मलाही साधारण तेवढेच महिने लागले. आता शिंक आली तर नुसती शिंकते.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणून तर मी एसटीचा लांबचा प्रवास सोडला ना गं..." मला वाटायचं, तिला गाडी लागते. तीस वर्षं मला हेच वाटत होतं. 'सगळ्यांनाच होतं' असं ती म्हणायची, त्यात ती स्वतःही होती, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"या वयात उपयोग होतो का गं?" तिने हळूच विचारलं.

होतो म्हणाले. पण आधी कुणीतरी नीट तपासून बघायला हवं. पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे, दोघी मिळून जाणार आहोत.