मिठाच्या आगरात बायकांचा इतिहास

गटाची सहल म्हटली की देवदर्शन ठरलेलं. यंदा आम्ही जोडीला वेंगुर्ला तालुक्यातलं शिरोड्याचं मिठागरही पाहिलं.

भरतीचं खारं पाणी आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडतात. उन्हानं ते आटत जातं आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरतं. ते ओढून ढीग लावतात, निथळू देतात. पाऊस यायच्या आत सगळं उरकावं लागतं.

१८८२ च्या कायद्यानं इंग्रज सरकारनं मीठ आपल्या ताब्यात घेतलं, वर कर लावला. गरिबाच्या भाकरीसोबतच्या मिठावरही कर! म्हणून १९३० च्या मे महिन्यात याच शिरोड्यात लोकांनी मिठाचा सत्याग्रह केला.

त्याआधी मार्चमध्ये गांधीजी ७८ जणांना घेऊन दांडीला निघाले, त्यांत एकही बाई नव्हती. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्यांना भेटून आग्रह धरला, की बायकांनाही लढ्यात घ्या. पुढे मुंबईच्या किनाऱ्यावर कमलादेवी आणि अवंतिकाबाई गोखले यांनी कायदा मोडून मीठ केलं.

ही नावं पुस्तकात आहेत. पण आगरात उन्हातान्हात मिठाच्या टोपल्या डोक्यावर वाहिलेल्या बायकांची नावं कुठं आहेत? तुमच्या गावाजवळ आगर असेल, तर तिथल्या आजीबाईंना विचारा: मजुरी किती मिळायची, खाऱ्या पाण्यानं पायांचं काय व्हायचं? गटाच्या वहीत ते लिहून ठेवा. ही नोंद आपणच करायला हवी.