नीरेकाठचा पेरू

पेरू मूळचा अमेरिका खंडातला. पोर्तुगीजांनी तो भारतात आणला, आणि ‘पेरू’ हे नावही त्यांच्या भाषेतल्या नासपतीच्या ‘पेरा’ या शब्दावरून पडले असावे. गोव्यात आजही ‘पेर’च म्हणतात. नियतीची थट्टा अशी, की त्यांच्या जहाजांवरचे खलाशी ज्या रोगाने मरत, त्याचा उतारा याच फळात होता. वास्को द गामाच्या १४९७-९९ च्या सफरीत हिरड्या सुजून अनेकजण दगावले. १७४७ मध्ये जेम्स लिंड याने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. त्यांत संत्री-लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. त्यामागचे द्रव्य, म्हणजे क-जीवनसत्त्व, १९३२ पर्यंत ओळखले गेले नव्हते.

महाराष्ट्रात घराघरांत पोचलेला ‘सरदार’ पेरू पुण्याचा. १९२७ मध्ये गणेशखिंडीतल्या फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी अलाहाबाद सफेदाच्या रोपांतून तो निवडला. बियाणे लखनौचे, म्हणून ‘लखनौ-४९’ असेही नाव मिळाले.

बारामती-इंदापुरात बागायत आली ती दुष्काळामुळे. १८७६-७७ च्या दुष्काळी कामांवर नीरा डाव्या कालव्याची खोदाई सुरू झाली. कालव्याचे पाणी बहुतांशी उसाने पळवले, पुढे १९३० च्या दशकात वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला. कालव्यापासून लांबच्या जिरायत रानाला खरा आधार मिळाला तो १९९० साली, रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून. पेरू, डाळिंब, बोर, आवळा यांची लागवड त्यात होती. आता याच भागात गुलाबी गराचा तैवान पेरू दिसतो. बागेला ताण देऊन बहार धरतात, आणि लिंबाएवढे झाले की प्रत्येक फळावर फोमची जाळी व पिशवी चढवतात. मजुरीचा मोठा भाग इथेच जातो.

एवढ्या मेहनतीने पिकवलेल्या या फळाचे मोल आहे ते क-जीवनसत्त्वात. शेळी ते स्वतःच्या शरीरात बनवते. माणसाला ते बाहेरून घ्यावे लागते. हिरड्या, त्वचा आणि जखम भरणारे कोलॅजन त्यावर अवलंबून असते, शिवाय बाजरीच्या भाकरीतले लोह शोषायला त्याची मदत होते. सर्दी मात्र त्याने टळत नाही, ती टळते ही नुसती समजूत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम व स्त्रीला ६५ मिलिग्रॅम पुरते. पेरूच्या १०० ग्रॅम गरात ते २०० मिलिग्रॅमहून अधिक असते. संत्र्यात साधारण ५०. आवळा मात्र पेरूच्याही वर जातो. उष्णता व हवा लागली की हे जीवनसत्त्व घटते, तेव्हा चार फोडी करून तिखट-मीठ लावून लगेच खाल्लेला पेरू उकळून केलेल्या जेलीपेक्षा कामाचा.