सामायिक उपकरण केंद्र : एनएमआर यंत्र घेतल्यानंतरचा खर्च

महागडी संशोधन-उपकरणे एकाच विभागाच्या कुलपात न राहता सर्वांना वापरता यावीत, यासाठी विद्यापीठांत सामायिक उपकरण केंद्रे असतात. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणारी ‘सैफ’ केंद्रे याच प्रकारची आहेत. आयआयटी मुंबई आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अशी केंद्रे आहेत. बाहेरचे विद्यार्थी व उद्योगही शुल्क भरून तेथे नमुने तपासून घेतात.

बंद न ठेवता येणारे यंत्र

रेणूची रचना ओळखणारे एनएमआर यंत्र अशा केंद्रांत हमखास लागते. ४०० मेगाहर्ट्‌झच्या यंत्रात ९.४ टेस्लाचे अतिवाहक चुंबक असते. त्याची वेटोळी उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली असतात. हेलियम हळूहळू उडत असल्याने ते दर काही महिन्यांनी भरावे लागते. बाहेरच्या आवरणातील द्रवरूप नायट्रोजन तर त्याहून बरेच लवकर.

पातळी फार खाली गेली तर वेटोळ्यांची अतिवाहकता संपते, ती तापतात आणि उरलेले हेलियम झपाट्याने उकळून जाते. याला ‘क्वेंच’ म्हणतात. एक लिटर द्रवरूप हेलियमपासून सुमारे ७५० लिटर वायू तयार होतो. तो खोलीतील प्राणवायू बाहेर ढकलत असल्याने वायुवीजन आणि धोक्याचा गजर आवश्यक असतो. म्हणून सुट्टी असो वा अनुदान रखडलेले असो, हेलियम चुकवून चालत नाही.

काय बदलायचे?

चुंबक नीट सांभाळले तर वीस वर्षांहून अधिक टिकते. इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक मात्र आधी जुने होतात आणि त्यांचे सुटे भाग मिळेनासे होतात. त्यामुळे अनेकदा चुंबक तेच ठेवून नियंत्रण-संच व प्रोब बदलतात. प्रोबची संवेदनक्षमता दुप्पट झाली, तर तेवढ्याच स्पष्ट संकेतासाठी एक-चतुर्थांश वेळ पुरतो. स्वयंचलित नमुना-बदलक बसवला, की यंत्र रात्रीही काम करते.

रोजचा कारभार

लहान चाचण्या दिवसा आणि लांबणाऱ्या रात्री ठेवल्या, तर प्रतीक्षायादी आटोक्यात राहते. शुल्क ठरवताना हेलियम, वार्षिक देखभाल करार आणि वीज यांचा हिशेब धरावा लागतो. पण ते फार वाढले, तर लहान महाविद्यालयांचे विद्यार्थी बाहेर पडतात. खरेदीचे अनुदान एकदाच मिळते, हे खर्च मात्र दरवर्षी येतात. त्यांची आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाच्या कायम पदाची तरतूद नसेल, तर नवे यंत्रही धूळ खात पडते आणि नमुने घेऊन आलेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध अडतो.