परसातील तलंगा आणि बदकपिल्ले : पहिल्या आठ आठवड्यांची निगा

दहा-बारा कोंबड्या आणि दोन-चार बदके एवढा लहान कळप एका कुटुंबाची अंड्यांची गरज सहज भागवतो. मात्र तो कळप उभा राहणार की विरून जाणार, हे पहिल्या सहा ते आठ आठवड्यांतच ठरते. ऊब, कोरडी जागा आणि वेळेवर लस यांपैकी एकाही बाबतीत हयगय झाली, तर आणलेल्या पिल्लांपैकी निम्मीही हाती लागत नाहीत. गोव्याच्या दमट हवेत तर हे अधिकच खरे.

केव्हा व कोणती पिल्ले आणावीत?

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास सुरुवात करणे श्रेयस्कर. तेव्हा आणलेल्या तलंगा मार्च-एप्रिलमध्ये अंड्यावर येतात आणि जूनचा पहिला पाऊस पूर्ण वाढलेल्या स्थितीत झेलतात. एक दिवसाची पिल्ले स्वस्त पडतात. परंतु कृत्रिम ऊब देण्याची सोय नसल्यास पाच-सहा आठवडे वाढवलेली, लसीकरण झालेली पिल्ले घेणे अंती परवडते.

गावठी कोंबडी काटक असते, खुडूक बसते आणि पिल्लांना जपते. मात्र वर्षाकाठी साठ-सत्तरच्या आसपासच अंडी देते. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेल्या वनराज व ग्रामप्रिया आणि बेंगळुरू येथे विकसित झालेली गिरिराज या जाती परसात वाढतात आणि वर्षाला शंभरावर अंडी देतात. बदकांत अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल सरस; उत्तम व्यवस्थेत ती ३०० च्या घरात अंडी देते. मांसासाठी व्हाइट पेकिन पाळतात.

ऊब

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. पुढे दर आठवड्याला ते तीन अंशांनी कमी करावे. पंचवीस पिल्लांना ६० वॉटचा साधा बल्ब बहुधा पुरतो. तापमापकापेक्षा पिल्लांचे वर्तन अधिक बोलके असते. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी आहे, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर उष्मा झाला आहे, आणि सर्वत्र विखुरली असतील तर ऊब बेताची आहे असे समजावे. जमिनीवर भाताच्या तुसाची दोन-तीन इंचांची गादी घालून ती रोज हलवावी. ओला भाग तत्काळ काढून टाकावा.

बदकपिल्ले वेगळी का ठेवावीत?

बदकपिल्ले पाणी उडवतात आणि गादी भिजवतात. ओल्या गादीत कोंबडीच्या पिल्लांना रक्ती हगवण जडते. म्हणून पहिले काही आठवडे दोघांची जागा वेगळी असावी. बदकांना नाकपुड्या बुडतील इतके खोल, पण आत पडून बुडणार नाहीत असे पाण्याचे भांडे द्यावे. आईविना वाढवलेल्या पिल्लांची लव पाण्याने लगेच भिजते. पुरती पिसे येईपर्यंत त्यांना तळ्यात सोडू नये.

आहार

लहान पिल्लांना सुमारे २० टक्के प्रथिनांचे खाद्य द्यावे. बदकपिल्लांना नायसिन हे जीवनसत्त्व अधिक लागते. ते कमी पडल्यास पाय वाकतात. त्यासाठी खाद्यात थोडे यीस्ट मिसळतात. कोंबडीच्या खाद्यातील काही औषधे बदकांना बाधतात, म्हणून त्यांचे खाद्य औषधविरहित असावे. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड बदकांना विषासमान आहे. पावसाळ्यात खाद्य थोडे-थोडेच आणून हवाबंद डब्यात ठेवावे.

अंड्यावरील कोंबडीचे कॅल्शियमयुक्त खाद्य तलंगांना आधीपासून देऊ नये. त्याने मूत्रपिंडांवर ताण येतो. अंडी सुरू झाल्यावर मात्र तिसऱ्या-खुब्यांचे शिंपले धुऊन, वाळवून, कुटून वेगळ्या भांड्यात ठेवावेत.

खुराडे

जमिनीपासून उंच, उतरत्या छपराचे आणि वारा खेळेल असे खुराडे बांधावे. दर कोंबडीस किमान दोन चौरस फूट जागा हवी. मुंगूस, साप आणि रानमांजर यांच्यासाठी बारीक छिद्रांची मजबूत जाळी आणि घट्ट कडी अत्यावश्यक. कोंबड्या दांडीवर झोपतात, तर बदके जमिनीवर. त्यांना खालची कोरडी, तूस घातलेली जागा द्यावी. बदके बहुतेक अंडी सकाळी नऊच्या आत घालतात. तोवर त्यांना बंद ठेवल्यास अंडी शेतात हरवत नाहीत.

लस आणि आजार

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा परसातील कोंबड्यांचा मोठा शत्रू. लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंबाने आणि पुन्हा चौथ्या आठवड्यात देतात. आठव्या आठवड्यात आरटूबी ही लस टोचतात. गंबोरोची लस दुसऱ्या आठवड्यात, तर देवीची सहाव्या आठवड्याच्या सुमारास देतात. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात आणि कालवलेली लस साठवता येत नाही. त्यामुळे वाड्यावरील चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवल्यास खर्च वाटला जातो आणि रोगाला शेजारून वाटही मिळत नाही. बदकांना होणाऱ्या प्लेगच्या लशीबाबत पशुवैद्यकांना विचारावे.

फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नवापूर येथे देशात प्रथम बर्ड फ्लू आढळला. बदकांमध्ये या रोगाचे विषाणू लक्षणांविना राहू शकतात. म्हणून नवे पक्षी दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावेत. एकाएकी अनेक पक्षी दगावल्यास ते कापू नयेत, विकू नयेत किंवा ओढ्यात टाकू नयेत. उघड्या हातांनी स्पर्श न करता पशुवैद्यकीय दवाखान्यास तात्काळ कळवावे. एका घराने लपवलेली मर साऱ्या वाड्याच्या खुराड्यांपर्यंत पोहोचते.