हवामान बदलविषयक कायदे व निवडणुकांचे वेळापत्रक (वाशिम जिल्हा)

हवामान बदलविषयक कायदे केव्हा मांडले जातात, केव्हा संमत होतात आणि केव्हा अंमलात येतात, याचा निवडणुकांच्या वेळापत्रकाशी असलेला संबंध हा राज्यशास्त्र आणि पर्यावरण धोरण यांच्या सीमेवरचा विषय आहे. प्रस्तुत लेखात हा संबंध महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात मांडला आहे. या जिल्ह्यात हवामान बदलाशी निगडित सरकारी हस्तक्षेप प्रामुख्याने योजना, अनुदान आणि प्रकल्प या रूपांत पोहोचला आहे. पाण्याच्या किंवा विजेच्या वापरावर बंधन घालणारे कायदे मात्र संथ गतीने पुढे सरकले किंवा मध्येच व्यपगत झाले.

पार्श्वभूमी

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,९७,१६० आहे. शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक असून तूर हे महत्त्वाचे आंतरपीक आहे. भूस्तर दख्खनच्या काळ्या पाषाणाचा असल्यामुळे भूजलाचा साठा खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत मर्यादित प्रमाणात राहतो. त्यामुळे पावसातील दीर्घ खंड आणि काढणीच्या वेळची अतिवृष्टी हे दोन्ही प्रकार येथील शेतकऱ्याला सारखेच नडतात. जानेवारी २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातील ज्या जिल्ह्यांची आकांक्षित जिल्हे म्हणून निवड केली, त्यांत वाशिमचा समावेश होता.

राजकीयदृष्ट्या जिल्हा विभागलेला आहे. वाशिम (अनुसूचित जातींसाठी राखीव) आणि कारंजा हे विधानसभा मतदारसंघ यवतमाळ-वाशिम लोकसभा मतदारसंघात मोडतात, तर रिसोड हा अकोला लोकसभा मतदारसंघात मोडतो. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेपूर्वी वाशिम हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ होता.

कायदा की शासन निर्णय

भारतात हवामान बदलासाठी एकछत्री केंद्रीय कायदा नाही. ३० जून २००८ रोजी जाहीर झालेली राष्ट्रीय कृती योजना हा धोरणात्मक दस्तऐवज आहे, अधिनियम नव्हे. महाराष्ट्राची राज्य कृती योजनाही त्याच स्वरूपाची आहे. विषयांची घटनात्मक विभागणी हे याचे एक कारण मानता येते. शेती आणि पाणी हे विषय राज्यसूचीत, तर वीज आणि वने हे समवर्ती सूचीत येतात. आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी कोणत्याही विषयावर कायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद २५३ ने संसदेला दिला आहे. १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम याच मार्गाने झाला.

विधेयक आणि शासन निर्णय यांच्या कालमानात मूलभूत फरक असतो. विधेयकाला अधिवेशन लागते. महाराष्ट्रात अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, तर हिवाळी अधिवेशन नागपूर करारानुसार नागपुरात भरते. अनुच्छेद १९६ नुसार विधानसभेत प्रलंबित असलेले विधेयक, तसेच विधानसभेने संमत केलेले परंतु विधान परिषदेत प्रलंबित असलेले विधेयक, विधानसभा विसर्जित होताच व्यपगत होते. केवळ परिषदेत प्रलंबित असून विधानसभेने अद्याप संमत न केलेले विधेयक तेवढे टिकते. लोकसभेच्या बाबतीत अशीच तरतूद अनुच्छेद १०७ मध्ये आहे. शासन निर्णयाला यांपैकी काहीच लागत नाही. त्याला अडसर असतो तो आदर्श आचारसंहितेचा. म्हणून निवडणुकीच्या घोषणेपूर्वीच्या काही आठवड्यांत शासन निर्णयांची गर्दी होते आणि वादग्रस्त विधेयके मागे पडतात.

भूजल अधिनियम

वाशिमसारख्या जिल्ह्यासाठी हवामान अनुकूलनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा राज्य कायदा म्हणजे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९. हवामान बदल हा शब्द त्याच्या नावात नाही. तरीही अनियमित पावसाच्या प्रदेशात उपसा किती आणि कोणत्या पिकासाठी, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आणण्याचा तो राज्यातील सर्वांत व्यापक प्रयत्न आहे. १९९३ चा पूर्वीचा कायदा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांच्या संरक्षणापुरता होता. नव्या कायद्याने पाणलोट क्षेत्र हे व्यवस्थापनाचे एकक मानले, भूजल वापराचा आराखडा आणि त्यावर आधारित पीक आराखडा यांची तरतूद केली, आणि ६० मीटरपेक्षा अधिक खोलीच्या विहिरींना ‘खोल विहीर’ ठरवून त्यांवर निर्बंध आणले. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे राज्य भूजल प्राधिकरणाची जबाबदारी सोपवण्यात आली.

या कायद्याचा कालक्रम बोलका आहे. त्याच्या नावात २००९ हे वर्ष आहे, परंतु क्रमांकाने तो २०१३ चा महाराष्ट्र अधिनियम २६ आहे. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो ३ डिसेंबर २०१३ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाला आणि १ जून २०१४ पासून अंमलात आला. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीचे निकाल १६ मे रोजी लागले होते. दोन तारखांमधील अंतर जेमतेम पंधरवड्याचे आहे. मात्र यावरून हेतू सिद्ध होत नाही. नियमांचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध झाला तो २०१८ मध्ये, म्हणजे अधिनियम लागू झाल्यानंतर चार वर्षांनी. नियमांवाचून अधिनियमातील बहुतेक तरतुदी कागदावरच राहतात. या कायद्याबद्दलची चर्चा अनेकदा तो संमत झाला या नोंदीपाशीच संपते. गावातील विहीरधारकाच्या दृष्टीने निर्णायक ठरतो तो नियमांचा टप्पा.

खोल विहिरीवरील निर्बंधाचा भार ज्यांच्यावर पडतो ते मतदार ओळखता येतात, संघटित असतात आणि त्याच हंगामात नुकसान अनुभवतात. लाभ मात्र संपूर्ण पाणलोटाला, काही वर्षांनंतर आणि विखुरलेल्या स्वरूपात मिळतो. एका विधानसभेचा कार्यकाळ पाच वर्षांचा असतो. या विसंगतीमुळे अशा कायद्यांना राजकीयदृष्ट्या सोयीचा काळ क्वचितच सापडतो.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प

भूजल नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला त्याच वर्षी त्याच समस्येवरचा दुसरा, कायद्याविना चालणारा उपाय सुरू झाला. जागतिक बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरच्या कर्जास मान्यता दिली आणि एप्रिल २०१८ मध्ये करार झाला. सुमारे ४,००० कोटी रुपयांच्या या हवामान अनुकूल कृषी प्रकल्पाचा सुमारे ७० टक्के भाग कर्जातून आणि उर्वरित राज्य शासनाकडून उभा राहिला. मराठवाड्यातील आठ जिल्हे, विदर्भातील अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ, वाशिम आणि वर्धा, तसेच खानदेशातील जळगाव अशा १५ जिल्ह्यांतील ५,१४२ गावांची त्यासाठी निवड झाली होती.

शेततळी, ठिबक व तुषार संच, शेडनेट, फळबाग लागवड आणि बीजोत्पादन यांसाठी अनुदान थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत प्रकल्पाने अवलंबली. गावपातळीवर ग्राम कृषी संजीवनी समित्या स्थापन झाल्या आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत रूढ करण्याचा प्रयत्न झाला. पडलेला पाऊस, अडवलेले पाणी आणि पिकांची गरज यांचा हा हिशेब भूजल अधिनियमातील आराखड्याच्या जवळ जाणारा आहे. फरक इतकाच की येथे ताळेबंद तुटीचा निघाला तरी कोणाच्या उपशावर कायदेशीर मर्यादा येत नाही. तो सल्ला असतो.

प्रकल्पाचे वेळापत्रक विधिमंडळापेक्षा कर्जकरारावर अवलंबून होते. पहिला टप्पा जून २०२४ मध्ये, म्हणजे लोकसभा आणि विधानसभा या दोन निवडणुकांच्या मधल्या काळात संपला. दुसरा टप्पा सुमारे ६,००० कोटी रुपयांचा असून २१ जिल्ह्यांतील ७,२०१ गावांसाठी आखण्यात आला आहे.

८ ऑगस्ट २०२२

केंद्रीय पातळीवर ८ ऑगस्ट २०२२ या एका दिवसाच्या कामकाजातून कायद्यांच्या कालनिवडीचे दोन्ही प्रकार दिसतात. संसदेच्या पावसाळी अधिवेशनाच्या त्या अखेरच्या दिवशी लोकसभेने ऊर्जा संवर्धन (सुधारणा) विधेयक संमत केले. त्याच दिवशी वीज (सुधारणा) विधेयक मांडले गेले आणि ते स्थायी समितीकडे पाठवण्यात आले.

पहिले विधेयक राज्यसभेत १२ डिसेंबर २०२२ रोजी संमत झाले आणि १ जानेवारी २०२३ पासून कायदा लागू झाला. त्यातून कार्बन पत व्यापाराला आधार मिळाला, मोठ्या ऊर्जाग्राहकांवर जीवाश्मेतर ऊर्जा वापरण्याचे बंधन घालता येऊ लागले आणि इमारतींच्या ऊर्जा संहितेची व्याप्ती वाढली. ग्लासगो परिषदेत नोव्हेंबर २०२१ मध्ये दिलेल्या आश्वासनांना मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२२ मध्येच सुधारित राष्ट्रीय उद्दिष्टांचे रूप दिले होते, आणि शर्म अल-शेखची परिषद नोव्हेंबरात होती. लोकसभा निवडणूक अद्याप दीड वर्ष दूर होती. शिवाय कायद्याचा भार उद्योगांवर आणि मोठ्या इमारतींवर होता, शेतीपंपांवर नव्हता.

वीज विधेयकाची स्थिती उलट होती. २०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनातील एक प्रमुख मागणी वीज कायद्यातील प्रस्तावित बदल मागे घेण्याची होती, कारण त्यातून शेतीच्या सवलतीच्या विजेला धोका असल्याची भावना होती. समितीकडे गेलेले हे विधेयक सतराव्या लोकसभेबरोबर २०२४ मध्ये व्यपगत झाले. त्याच आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर, ऑगस्ट २०२१ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाच्या कायद्यात पिकांचे अवशेष जाळणाऱ्या शेतकऱ्यांना दंडात्मक कलमातून वगळण्यात आले.

२०२४ चे निवडणूक वर्ष

लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्च २०२४ रोजी लागू झाली. यवतमाळ-वाशिम आणि अकोला या दोन्ही मतदारसंघांत २६ एप्रिल रोजी मतदान झाले. आचारसंहिता न्यायालयांना लागू नसते. २१ मार्च रोजी, म्हणजे आचारसंहितेच्या सहाव्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाशी संबंधित एम. के. रणजितसिंह प्रकरणात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे मान्य केले. देशात याविषयी एकछत्री कायदा नसल्याची नोंदही न्यायालयाने घेतली.

लोकसभेचे निकाल लागल्यानंतर आणि विधानसभा निवडणुकीपूर्वी, २८ जून २०२४ रोजी मांडलेल्या राज्याच्या अर्थसंकल्पात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची घोषणा झाली. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेचा कालावधी एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ असा ठेवण्यात आला. कोरडवाहू भागातील थकबाकीदार शेतकऱ्याला तिचा दिलासा मोठा आहे. मात्र भूजलाच्या बाजूने पाहता पंप चालवण्याचा खर्चच नाहीसा झाल्यावर उपसा आवरण्याचे आर्थिक कारण उरत नाही, आणि भूजल अधिनियमाचा उद्देश नेमका उपसा आवरण्याचा आहे. राज्याची ही दोन धोरणे परस्परविरोधी दिशांना जातात. त्यांपैकी एकाला शासन निर्णय व्हायला काही आठवडे लागले.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन केले. बंजारा समाजाचे हे श्रद्धास्थान देशभर परिचित आहे. त्याच दिवशी वाशिम येथील कार्यक्रमात कृषी व पशुसंवर्धन क्षेत्रातील सुमारे २३,३०० कोटी रुपयांच्या उपक्रमांचा प्रारंभ झाला. पीएम-किसान योजनेचा अठरावा हप्ता आणि नमो शेतकरी महासन्मान निधीचा पाचवा हप्ता वितरित करण्यात आला, तसेच मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० अंतर्गत राज्यातील एकूण १९ मेगावॅट क्षमतेचे पाच सौर प्रकल्प राष्ट्राला अर्पण करण्यात आले. दहा दिवसांनी, १५ ऑक्टोबर रोजी, विधानसभा निवडणूक जाहीर झाली. मतदान २० नोव्हेंबरला झाले.

पीक विम्याचे उदाहरणही याच प्रकारात मोडते. शेतकऱ्याने केवळ एक रुपया भरून विमा उतरवण्याची सोय मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात जाहीर होऊन त्या खरिपापासून सुरू झाली आणि निवडणुकीनंतर २०२५ च्या खरिपापासून बंद करण्यात आली. तेव्हापासून विमा हप्त्यात शेतकऱ्याचा वाटा पुन्हा खरिपासाठी २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी ५ टक्के झाला. गैरव्यवहाराच्या तक्रारी हे बदलाचे एक कारण सांगितले गेले. योजना शासन निर्णयावर आधारलेली असल्यामुळे ती मागे घेण्यासाठीही विधिमंडळात जाण्याची गरज पडली नाही.

अन्य देशांतील अनुभव

ब्रिटनचा २००८ चा हवामान बदल कायदा जवळजवळ सर्वपक्षीय पाठिंब्याने संमत झाला. ऑस्ट्रेलियात कार्बनवर दर आकारणारा कायदा जुलै २०१२ पासून लागू झाला, त्यानंतरच्या २०१३ च्या निवडणुकीत तो मुख्य मुद्दा ठरला आणि जुलै २०१४ मध्ये रद्द करण्यात आला. अमेरिकेत प्रतिनिधिगृहाने २६ जून २००९ रोजी २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत केलेल्या विधेयकावर सिनेटने मतदानच घेतले नाही. ऑगस्ट २०२२ चा महागाई न्यूनीकरण कायदा सिनेटमध्ये उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मताने संमत झाला. त्यात दंडाऐवजी करसवलतींवर भर होता, तरी त्यांपैकी अनेक सवलती जुलै २०२५ च्या कायद्याने कमी करण्यात आल्या. दक्षिण आफ्रिकेत संसदेने हवामान बदल विधेयक २९ मे २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी संमत केले आणि राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी निवडणुकीनंतर, २३ जुलै रोजी झाली.

सद्यस्थिती

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील अनेक भागांत अतिवृष्टीने खरिपाची हानी झाली. राज्य शासनाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या निवडणुकांची घोषणा त्यानंतर महिनाभरातच, ४ नोव्हेंबर रोजी झाली. भूजल अधिनियम, कृषी संजीवनी प्रकल्पाचा दुसरा टप्पा आणि मोफत विजेची योजना हे तीनही आज वाशिमच्या शेतकऱ्याला एकाच वेळी लागू होतात. मोफत विजेच्या योजनेची मुदत मार्च २०२९ मध्ये संपते. पुढील लोकसभा निवडणूक नियमित वेळापत्रकानुसार २०२९ च्या एप्रिल-मे महिन्यांत आणि विधानसभेची त्याच वर्षाच्या उत्तरार्धात अपेक्षित आहे.