सनावळीचं कूळ

इतिहासाच्या वहीची शेवटची दोन पानं सनावळीसाठी राखून ठेवायची रीत आपल्याकडे जुनी आहे. डावीकडे सन, उजवीकडे घटना. १८५७ उठाव, १८८५ राष्ट्रीय सभा, १९०५ वंगभंग, १९४२ छोडो भारत. पेपरच्या आदल्या रात्री धडे बाजूला पडतात आणि हीच पानं घोकली जातात. 'इतिहास म्हणजे नुसत्या सनावळ्या' ही तक्रारही तिथूनच निघते. हा सनावळीवर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. तिचं कूळ परीक्षेच्या कितीतरी आधीचं आहे आणि त्या कुळात तिच्यावर मोठमोठे वाद लढले गेले आहेत.

या कुळाची थोरली म्हणजे शकावली. एका ओळीत शके, महिना, तिथी आणि त्या दिवशी घडलेली गोष्ट. पुढच्या ओळीत पुढची. लढाई, लग्न, मृत्यू, गडाची देवघेव, सगळं सारख्याच थोड्या शब्दांत. सर्वांत नावाजलेली ती जेधे शकावली. भोरजवळच्या कारीचं हे देशमुख घराणं, शिवाजी महाराजांच्या साथीला उभ्या राहिलेल्या कान्होजी जेध्यांचं. तिच्यातल्या नोंदी १६१८ पासून १६९७ पर्यंत जातात. लोकमान्य टिळकांच्या हाती ही शकावली आली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. तोवर महाराजांचा जन्म १६२७ सालचा मानला जात होता. शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. परमानंदाच्या शिवभारतातही हीच तिथी सापडली. त्या एका ओळीवरून अभ्यासकांमध्ये कित्येक वर्षं वाद झडले आणि अखेर राज्य शासनानंही हीच तारीख स्वीकारली. शाळेच्या पुस्तकात आज जो सन निमूट छापलेला दिसतो, त्याच्यामागे एवढी खडाजंगी आहे.

सन लावणं हे मुळात कसबाचं काम. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमीची, शके १६८२ मधली. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे आपण शाळेत शिकतो. त्या हिशेबानं १७६० येतं. पण पौषातली ती अष्टमी जानेवारीत पडली होती, म्हणून ७९ मिळवायचे आणि तारीख येते १४ जानेवारी १७६१. पेशव्यांच्या दफ्तरात याच्या जोडीला शुहूर सन असे. तो मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलायचा आणि आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहिला जायचा. पानिपतच्या वर्षी तो होता 'इहिदे सितैन मया व अलफ'. एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. एक महिना चुकला की सबंध वर्ष चुकतं आणि मग पत्राच्या आधी उत्तर लिहिलं गेल्यासारखं दिसतं. जुन्या कागदांत बसणाऱ्या माणसाला जंत्री हाताशी लागते ती यासाठी.

या कुळात परीक्षा शिरली ती इंग्रजी अमदानीत. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली आणि त्या पहिल्या तुकडीत न्या. रानडे होते. अभ्यासाला इंग्लंडचा इतिहास आणि हिंदुस्थानचा इतिहास. मराठ्यांविषयी वाचायचं तर ग्रँट डफचा १८२६ चा ग्रंथ किंवा कॅप्टन केपननं केलेलं त्याचं मराठी भाषांतर. परीक्षकाला ठरलेलं उत्तर हवं असतं आणि सनाइतकं ठरलेलं उत्तर दुसरं नाही. त्यामुळे सन आला की गुण आला, असं समीकरण बसलं. शकावलीत सनाशेजारी तिथी, जागा, माणसं असायची. परीक्षेच्या वहीत यांतलं फारसं काही राहिलं नाही.

पण याच व्यवस्थेतला एक विद्यार्थी मला फार मोठा वाटतो. नीळकंठ जनार्दन कीर्तने. १८६७ मध्ये, शिकत असतानाच, त्यांनी पुण्यात ग्रँट डफवर टीका करणारा निबंध वाचला. पुढे तो 'विविधज्ञानविस्तारा'त छापून आला. ज्या पुस्तकावर आपला अभ्यास चालतो, त्याच पुस्तकातल्या हकिकती मराठी कागदांशी ताडून बघायच्या आणि चुका जाहीर सांगायच्या, हे धाडस त्या वयात त्यांनी केलं. मराठ्यांच्या इतिहासाचं आपलं स्वतःचं संशोधन सांगताना सुरुवात बहुधा याच निबंधापासून केली जाते.

दुसरं उदाहरण गोविंद सखाराम सरदेसाईंचं. १८८९ मध्ये ते बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत लागले आणि राजपुत्रांना शिकवू लागले. शिकवण्यासाठी टिपणं काढली, टिपणं वाढत गेली आणि १८९८ मध्ये त्यांतून 'मुसलमानी रियासत' बाहेर पडली. पुढे मराठी रियासतीचे खंड आले. त्याच १८९८ मध्ये इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' या मालेचा पहिला खंड काढला. स्थळ, काळ आणि व्यक्ती या तिन्हींचा मेळ बसल्याखेरीज इतिहास होत नाही, हा त्यांचा आग्रह.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक जाऊन एसएससी आली, १९६६ मध्ये राज्य मंडळ उभं राहिलं, १९६७ मध्ये बालभारती. पुस्तकं आपली झाली, स्वातंत्र्यलढा अभ्यासाला आला. वहीच्या शेवटच्या पानाची रीत मात्र तशीच राहिली.

ते पान फाडून टाका, असं मी मुळीच म्हणणार नाही. सनांवाचून 'कारणे लिहा'चं उत्तरही उभं राहत नाही. फक्त दोन रकान्यांच्या जागी चार करावेत: सन, घटना, जागा आणि 'शेजारी काय चाललं होतं'. १८८५ घ्या. राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन पुण्याला व्हायचं होतं. तिथे कॉलऱ्याची साथ आली म्हणून ते मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलं, ७२ प्रतिनिधींचं. एवढं लिहिलं की तो सन पुन्हा घोकावा लागत नाही. १९०८ घ्या. जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस. १ ऑगस्ट १९२० या तारखेला तर दोन ओळी लागतात: मुंबईत सरदारगृहात टिळकांचं निधन आणि त्याच दिवशी असहकाराची सुरुवात. नेतृत्व एका पिढीकडून दुसरीकडे कसं गेलं, हे त्या दोन ओळी शेजारी ठेवल्या की मुलांना आपसूक कळतं. १९३० ला दांडीशेजारी चिरनेरचा जंगल सत्याग्रह आणि सोलापूरचा लष्करी कायदा लिहावा. पुढच्या जानेवारीच्या १२ तारखेला सोलापूरचे चौघे फासावर गेले: मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन.

१९४७ ची ओळ लिहिताना चौथा रकाना थोडा मोठा ठेवायला हवा. १५ ऑगस्टला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथलं स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८ चं. गोव्याचं १९ डिसेंबर १९६१ चं, म्हणजे १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं त्याच्याही नंतरचं. लातूरच्या मुलीची वही आणि म्हापशाच्या मुलाची वही या एका ओळीपाशी वेगळी दिसेल आणि दोघांचीही बरोबर असेल.