शेरा आणि साक्ष

आमच्या जिल्हा परिषद शाळेत एक शेरेबुक आहे. एरवी ते कपाटात पोषण आहाराच्या नोंदवहीखाली असतं. साहेब आले की टेबलावर येतं. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, वर्षा-दोन वर्षांतून गटशिक्षणाधिकारी त्यात लिहितात : परिसर स्वच्छ आढळला, उपस्थिती समाधानकारक, वाचनाकडे लक्ष द्यावे. खाली मी सही करते. एकवीस वर्षांच्या नोकरीत अशा किती सह्या केल्या त्याचा हिशेब नाही. शिक्षकानं स्वतः काही लिहावं असा रकाना त्या वहीत नाही. तो असायला हवा असं बरीच वर्षं मलाही वाटलं नव्हतं.

ते वाटायला लागलं इंग्लंडमधल्या शाळांचा इतिहास वाचताना. तिथे १८६२मध्ये सरकारी अनुदान घेणाऱ्या प्राथमिक शाळांसाठी ‘रिव्हाइज्ड कोड’ नावाची नियमावली आली. मुख्याध्यापकानं रोज लॉगबुक लिहावं, असं बंधन तिनं घातलं. शाळा रोजच्यासारखी चालली की काही वेगळं घडलं, एवढं थोडक्यात नोंदवायचं. आणि तिथेच एक ताकीद होती : सर्वसाधारण स्वरूपाचे विचार किंवा मतं या वहीत लिहू नयेत. म्हणजे शिक्षकानं रोज लिहायचं, पण आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नाही.

त्याच्या मताची गरज का नव्हती, ते त्याच नियमावलीतल्या अनुदानाच्या कलमांवरून कळतं.

आठ शिलिंगांचं मूल

रॉबर्ट लो हे तेव्हा इंग्लंडच्या शिक्षण खात्याचा कारभार पाहत होते. शाळांवरचा सरकारी खर्च वर्षागणिक वाढत होता, आणि बरीच मुलं साधं लिहिणं-वाचणंही नीट न शिकता शाळा सोडतात अशी तक्रार होती. लो यांनी काढलेला तोडगा व्यापाऱ्याला पटेल असा होता : माल पाहून पैसे द्यायचे. सहा वर्षांवरच्या मुलानं ठरलेली हजेरी भरली, तर त्याच्यामागे शाळेला ८ शिलिंग मिळत. मग इन्स्पेक्टर येऊन त्याची वाचन, लेखन आणि अंकगणित अशी तीन विषयांत परीक्षा घेई. एका विषयात नापास, तर २ शिलिंग ८ पेन्स वजा. तिन्ही विषयांत नापास, तर त्या आठातलं काहीच हाती नाही. सरासरी हजेरीवर मिळणारे माणशी ४ शिलिंग वेगळे. या पद्धतीचं नाव पुढे ‘निकालानुसार अनुदान’ असं पडलं. कित्येक शाळांत शिक्षकाच्या पगाराचा काही भाग याच अनुदानाला बांधलेला असे.

मग जे व्हायचं तेच झालं. वाचनाचं एकच पुस्तक वर्षभर घोकून घेतलं जाऊ लागलं. ज्या विषयांना पैसे नव्हते, ते इतिहास-भूगोलासारखे विषय मागे पडले. गैरहजर मूल म्हणजे बुडालेले शिलिंग, म्हणून परीक्षेच्या दिवशी आजारी मुलांनाही शाळेत आणून बसवल्याचे प्रकार घडले.

कवी मॅथ्यू आर्नल्ड १८५१पासून पस्तीस वर्षं शाळा-इन्स्पेक्टर होते. या नियमावलीला त्यांनी सुरुवातीपासून उघड विरोध केला. आपल्या अहवालांत त्यांनी लिहिलं, की नीट तयारी करून घेतली तर मुलांना खरोखर वाचता, लिहिता, मोजता न येताही या परीक्षेतून पास करता येतं. इन्स्पेक्टरला कसं हरवायचं, हे शिक्षक शिकणारच. तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे.

आर्नल्डचं हे म्हणणं वाचलं आणि मी पुस्तक मिटलं.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे वाचनाची चाचणी होणार होती. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. आईबाप ऊसतोडीला. दिवाळीनंतर टोळी निघायची ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परतायची, आणि तोही त्यांच्याबरोबर जायचा, धाकट्या बहिणीला सांभाळायला. दोन वर्षं त्याची निम्मी शाळा अशीच गेलेली. गणितात चलाख, टनाचा भाव आणि उचल यांचा हिशेब तोंडी करायचा. पण जोडाक्षर आलं की अडायचा. टक्केवारी हजर मुलांवर निघणार होती. आदल्या दिवशी मी त्याला म्हटलं, “उद्या नाही आलास तरी चालेल.” तो नाही आला. शाळेची श्रेणी चांगली लागली आणि शेरेबुकात कौतुकाचा शेरा आला. मी खाली सही केली.

इंग्लंडमधल्या मास्तरांनी आजारी मूल शाळेत आणलं, मी धडधाकट मूल घरी ठेवलं. मला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. मोजण्याची रीतच अशी होती की मला ते आपोआप सुचलं.

पुण्यातली साक्ष

लो यांची कल्पना समुद्र ओलांडून आपल्याकडेही आली होती. मुंबई इलाख्यात बहुतेक प्राथमिक शाळा सरकारी खात्यामार्फत चालत. पण खासगी आणि मिशनच्या शाळांना अनुदान द्यायचं ते परीक्षेचा निकाल पाहून, अशी पद्धत १८६०च्या दशकात इथे रुजली. १८८२मध्ये लॉर्ड रिपनच्या सरकारनं हिंदुस्थानातल्या शिक्षणाची पाहणी करायला विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगानं प्रांतोप्रांती साक्षी घेतल्या. निकालानुसार अनुदान ही पद्धत गरीब आणि अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवायला योग्य आहे का, हाही त्याच्यापुढचा एक प्रश्न होता.

१९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख असलेलं एक निवेदन आयोगाला पुण्याहून मिळालं. ते जोतीराव फुल्यांचं होतं. शेतकऱ्यांनी भरलेल्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, हा त्यातला आरोप सगळ्यांना ठाऊक आहे. भाषणांतून तो नेहमी ऐकू येतो. मी ते निवेदन मुळातून वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा दिसला तो शिक्षक. व्यापारी, शेतकरी, नगरपालिकेचे सदस्य अशी आपली ओळख देणारे जोतीराव मुद्द्याला हात घालण्याआधी आपला अनुभव सांगतात : मुलींची शाळा काढली, तिथे मी आणि माझी पत्नी पुष्कळ वर्षं एकत्र काम करत होतो, महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेतही काही वर्षं शिकवलं. ज्यानं हातात खडू धरलाय त्याची ही साक्ष आहे, हे पुढे प्रत्येक परिच्छेदात जाणवत राहतं.

निकालानुसार अनुदानाबद्दल त्यांचं उत्तर सरळ आहे. अशिक्षित आणि गरीब लोकांत शिक्षण वाढवायला ही पद्धत योग्य नाही, कारण त्यांच्यात शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही. अशा वस्तीत कुणी शिक्षक आपल्या जबाबदारीवर शाळा काढणार नाही, कारण तिच्यावर त्याचं पोट भरणार नाही. ती गोडी लागेपर्यंत सरकारनंच शाळा चालवल्या पाहिजेत आणि खास उत्तेजन दिलं पाहिजे.

लो यांच्या हिशेबात मूल वर्गात बसलेलं आहे हे गृहीत होतं. प्रश्न फक्त त्याला किती येतं एवढाच. जोतीरावांना ठाऊक होतं की काही वस्त्यांत शिक्षकाची निम्मी मेहनत मूल वर्गात आणून बसवण्यातच जाते, आणि त्या मेहनतीला परीक्षेत गुण नसतात. उलट त्या वस्तीत जो जाईल त्याचाच निकाल कमी लागणार आणि त्यालाच कमी पैसे मिळणार. म्हणजे जिथे शिक्षकाची गरज सर्वांत जास्त, तिथून त्याला हुसकावणारी ही पद्धत.

पगार, नांगर आणि अचानक भेट

मग हे निवेदन शिक्षकांची कड घेणारं आहे का? नाही, आणि म्हणूनच मी ते पुन्हा पुन्हा वाचते. तेव्हाच्या प्राथमिक शिक्षकांबद्दल जोतीराव कडक लिहितात. जवळपास सगळे ब्राह्मण, बहुतेक प्रशिक्षण नसलेले, पगार क्वचितच १० रुपयांच्या वर आणि ज्ञान तुटपुंजं. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, असं ते सुचवतात. असा शिक्षक त्या लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखेल आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हातात धरायला लाजणार नाही. शिकवायचं काय, तर मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, आणि शेतीचं, आरोग्याचं प्राथमिक ज्ञान.

त्याच दमात पगाराचे आकडे येतात. कोणत्याही शिक्षकाला १२ रुपयांपेक्षा कमी नको. मोठ्या गावात निदान १५ ते २०. गावाच्या कारभारात त्याला काही अधिकाराचं काम द्यावं, म्हणजे त्याचा मान वाढेल. जास्त मुलं पास करणाऱ्याला पगाराशिवाय वेगळा भत्ताही द्यावा, असं ते म्हणतात. इथे मी थबकले. निकालानुसार पैसे नकोत म्हणणारा माणूस पास मुलांवर भत्ता कसा मागतो? पण नीट पाहिलं तर विसंगती नाही. आधी पोटाला पुरेल असा पक्का पगार, मग वर बक्षीस. परीक्षेला त्यांची हरकत नाही; परीक्षेच्या निकालावर शाळेचं जगणं-मरणं टांगायला आहे. आमच्याकडे २०२३पर्यंत प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना ६,००० रुपये मानधन मिळत होतं. त्या वर्षी ते १६,००० झालं. माझ्याबरोबरच्या तरुण सरांनी त्या सहा हजारांत तीन वर्षं काढली, आणि त्या तीन वर्षांत कोणत्याही साहेबाच्या कोणत्याही शेऱ्याला त्यांनी ‘होय’ याशिवाय उत्तर दिलं नाही.

निवेदनातला एक मुद्दा मला अजूनही टोचतो. तपासणी अपुरी आहे, असं जोतीराव म्हणतात. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो, त्याचा उपयोग नाही. निदान तिमाहीला यावं, आणि अधूनमधून न कळवता यावं. तपासणीला कंटाळलेल्या मला हे कसं रुचणार? पण न कळवता आलेल्या माणसाला दिसलं असतं की चौथीतला एक मुलगा पाटावर नाही, आणि त्यानं विचारलं असतं, का नाही? वर्षातून एकदा, तारीख देऊन येणाऱ्याला सजवलेली शाळा दिसते. जोतीराव हे शिक्षकाच्या खुर्चीतून मागत नाहीत, पोर शाळेत पाठवणाऱ्या बापाच्या जागेवरून मागतात. एकाच माणसानं दोन्ही बाजूंनी दिलेली साक्ष म्हणून मला तिचं मोल वाटतं.

पुढे काय झालं

आयोगाचा अहवाल १८८३मध्ये आला. प्राथमिक शाळांचं अनुदान सर्वसाधारणपणे बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावरच ठरावं, अशी शिफारस त्यात होती. मात्र मागास भागातल्या आणि विशेष परिस्थितीतल्या शाळांना वेगळे नियम लावायला मुभा ठेवली होती. जोतीरावांनी नियम म्हणून मागितलं होतं ते अपवाद म्हणून मिळालं. निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं ही त्यांची मागणी तर बाजूलाच राहिली. इंग्लंडनं निकालानुसार अनुदानाची पद्धत १८९०च्या दशकात मोडीत काढली. इथे कर्झनच्या सरकारनं १९०४च्या शिक्षणविषयक ठरावात तिच्यावर फुली मारली. सक्तीच्या शिक्षणासाठी गोखल्यांनी मांडलेलं विधेयक १९१२मध्ये फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७मध्ये ते सुरू केलं. देशभरासाठी सहा ते चौदा वयाच्या मुलांचा हक्क कायद्यानं लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावं लागलं.

कायदा आला, पगार आले, मोजमापाची साधनं बदलली. आता माहिती मोबाइलवरून भरायची असते. टोळ्या मात्र दिवाळीनंतर अजून निघतात. हंगामी वसतिगृह झाल्यापासून काही मुलं मागे राहतात, काही नाही.

तो मुलगा आता कोयता चालवतो. मागच्या वर्षी बाजारात भेटला, “बाई” म्हणून पाया पडला. त्या दिवशी घरी का राहायला सांगितलं ते त्याला ठाऊक आहे की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

यंदाच्या भेटीत साहेबांनी नेहमीचा शेरा लिहिला. सही करण्याआधी मी त्याखाली एक ओळ घातली : “पटावरील सहा मुले ऊसतोडीस गेली आहेत, त्यांना वगळून काढलेली टक्केवारी शाळेची खरी स्थिती दाखवत नाही.” साहेबांनी वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “बाई, हे इथे लिहीत नसतात.”

मी म्हटलं, “माहीत आहे, सर.” आणि सही केली.